कादर खानांनी चांगली वाक्यं दुसऱ्यांना दिली

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी २७ वर्षांचा, नाशिकला सिव्हिल इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. कॉलेजपासून एकांकिका लिहितो आणि त्यात विनोदी कामंही करतो. पुढे विनोदी नट व्हायचं की लेखक, हे ठरत नाही. सगळे सांगतात, एक काहीतरी धर. दोन्ही करून कुणी टिकलंय का? आणि नोकरी कधी सोडावी?"

नोकरीचं शेवटी बघू. दोन्ही करून टिकलेला माणूस आहे, आणि गंमत म्हणजे तोही सिव्हिलवालाच. भायखळ्याच्या साबू सिद्दिक कॉलेजात दिवसा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवायचा आणि संध्याकाळी नाटकं करायचा. कादर खान.

तुमच्या वयाच्या लोकांना कादर खान म्हणजे गोविंदाचा सासरा. टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या सिनेमांमुळे तसं होणारच. पण ती त्यांची तिसरी पाळी होती. पहिली लेखकाची, दुसरी खलनायकाची, तिसरी विनोदी नटाची. आणि लेखणी तिन्ही पाळ्यांत चालूच. सुमारे तीनशे चित्रपटांत काम आणि दोनशेच्या वर चित्रपटांचं लेखन, असे आकडे त्यांच्या नावापुढे लावले जातात. मी काही मोजायला बसलेलो नाही, पण निम्मे धरले तरी तुम्हाआम्हाला दोन जन्म लागतील.

मी स्वतः गेली पंचवीसेक वर्षं मराठी रंगभूमीसाठी आणि टीव्हीसाठी लिहितो. अधूनमधून कामंही करतो. शेजारी, पोस्टमन, नवरीचा मामा. एका मालिकेत मी चार महिने फक्त दूध घालत होतो. म्हणजे नट म्हणून मी कोण आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यामुळे एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कादर खानांची कारकीर्द बारकाईने पाहिली तर ती तिथे ढळढळीत दिसते. लेखक म्हणून सुचलेली झणझणीत वाक्यं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडी घातली, आणि नट म्हणून स्वतःकडे बहुतेक वेळा फजिती ठेवली. आपण नेमकं याच्या उलट करतो.

त्यांचा जन्म काबूलचा, १९३७ चा. आधीची तीन मुलं लहानपणीच गेल्यामुळे आईवडील या मुलाला घेऊन मुंबईला आले आणि राहिले ते कामाठीपुऱ्यात. गरिबी अशी की पोराने शाळा सोडून कारखान्यात जायचं जवळपास ठरलं होतं. आईने अडवलं. कामाठीपुऱ्याचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं, पण लेखकाच्या कानाला ती वस्ती म्हणजे खजिना. कामाठी म्हणजे तेलंगणाकडून आलेले मजूर. त्यांच्या जोडीला उत्तरेकडचे, गुजराती, मराठी, पठाण, चिनी दंतवैद्यसुद्धा. प्रत्येकाची हिंदी वेगळी मोडलेली. हा मुलगा दिवसभर ऐकलेली माणसं रात्री जवळच्या कब्रस्तानात जाऊन मोठ्यामोठ्याने करून बघायचा. तिथे त्याला नाटकवाल्या अश्रफ खान यांनी पाहिलं आणि नाटकात घेतलं, असं ते स्वतः मुलाखतींत सांगत.

हे कब्रस्तान पुढे कामाला आलं. १९७८ च्या ‘मुकद्दर का सिकंदर’मध्ये आईच्या कबरीपाशी बसलेल्या पोरक्या मुलाला एक फकीर भेटतो आणि दुःखाशीच मैत्री कर म्हणून सांगतो. संवाद कादर खानांचे आणि फकीरही तेच. मी वर जे म्हणालो त्याला हा अपवाद, कारण इथे चांगलं भाषण त्यांनी स्वतःकडे ठेवलं. पण तो प्रसंग पुन्हा बघा. फकीर बोलत असतो आणि आपण मुलाकडे बघत असतो. प्रसंग मुलाचाच राहतो.

सिनेमात ते शिरले ते लेखक म्हणून. ‘लोकल ट्रेन’ हे त्यांचं नाटक एका स्पर्धेत गाजलं, तिथे परीक्षकांत दिग्दर्शक नरेंद्र बेदी होते, आणि त्यांनी या मास्तरला ‘जवानी दीवानी’चे संवाद लिहायला बोलावलं. सिनेमा १९७२ चा. क्रॉस मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती, तिथेच बसून काही तासांत लिहून टाकलं आणि पंधराशे रुपये मिळाले, ही त्यांची आवडती आठवण. याच काळात दिलीपकुमारांनी त्यांचं दुसरं एक नाटक पाहून ‘सगीना’त काम दिलं. म्हणजे दोन दारं जवळजवळ एकाच वेळी उघडली, एक लेखकाचं आणि एक नटाचं. त्यांनी एक निवडलं नाही. पण घर चाललं ते कुठल्या दारातून, हे बघा: लेखनाच्या.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. नटाला वाट बघावी लागते. फोन यावा लागतो, वय जुळावं लागतं, उंची जुळावी लागते. लेखकाची गरज मात्र युनिटला रोज असते, कारण सेटवर रोज काहीतरी अडतं. लेखक सेटवर हजर असला, की ‘हे छोटं काम आहे, तूच करून टाक’ असं कधीतरी कुणीतरी म्हणतंच. मला मिळालेली दहापैकी आठ कामं अशीच मिळाली आहेत. दूधवालासुद्धा.

मग आले दिग्दर्शक मनमोहन देसाई आणि १९७४ चा ‘रोटी’. देसाई खेतवाडीचे. आयुष्यभर त्या गल्लीत रमलेला माणूस. खेतवाडी आणि कामाठीपुरा यांच्यात पायी वीसेक मिनिटांचं अंतर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि यावर कुणी फारसं बोलत नाही. देसाईंचं म्हणणं होतं की शायरी नको, उपमा-अलंकार नकोत, थिएटरातल्या पुढच्या रांगेतला माणूस जशी टाळी देतो तशी भाषा पाहिजे. आवडलं नाही तर कागद फाडून फेकीन, अशी धमकीही होती म्हणे. कादर खानांनी लिहून आणलं आणि ऐकता ऐकता देसाई वेडे झाले. घरात जाऊन हाताला लागेल ती वस्तू बक्षीस म्हणून आणून देत होते. त्या चित्रपटाचे आपल्याला एक लाख एकवीस हजार मिळाले असं कादर खान सांगत. ‘जवानी दीवानी’चे पंधराशे आणि हे, मध्ये जेमतेम दोन वर्षं. मी हे पैशासाठी सांगत नाही. एकाच शहराच्या, एकाच पट्ट्यातल्या गल्लीची भाषा कळणारे दोघं भेटले, तर लेखकाला आपलं अर्धं लेखन समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला नाशिकचा, तुमची बोली कळणारा एक दिग्दर्शक मिळाला तर त्याला सोडू नका, मग तो मुंबईतल्या दहा नावांपेक्षा लहान का असेना.

आता थोडं धंद्याचं बोलतो, कारण तुम्ही ‘लेखक’ हा शब्द सरसकट वापरला आहे. हिंदी सिनेमात कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं, आणि अनेकदा ती तीन माणसं करतात. काय घडतं ते कथा सांगते. कशाच्या मागून काय दिसतं ते पटकथा ठरवते. तोंडातून काय बाहेर पडतं ते संवाद. कादर खान मुख्यतः संवादाचे. पटकथेत त्यांचा हात अनेक ठिकाणी होता, पण श्रेयनामावलीत त्यांचं नाव बहुतेक वेळा संवादांसमोर येतं. ‘अमर अकबर अँथनी’ घ्या, १९७७. पटकथा प्रयाग राज यांची, संवाद कादर खानांचे. तीन भाऊ तीन घरांत वाढतात, ही झाली कथा. पण डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळतं, ही संवादाची करामत. पोलीस अधिकारी अमरचं बोलणं सरळ आणि आखीव. कव्वाल अकबरच्या बोलण्यात नजाकत. आणि दारूचा गुत्ता चालवणाऱ्या अँथनीच्या तोंडी मुंबईच्या गल्लीची अशी भाषा, की व्याकरणवाल्याने कान धरावेत आणि बाकीच्यांनी पोट. तीन भावांना एकसारखं हुशार बोलायला लावलं असतं, तर सिनेमा पहिल्या तासातच एकसुरी झाला असता.

नवशिक्या विनोदी लेखकाचं लेखन वाचायला घेतलं की मी पहिल्यांदा हीच परीक्षा करतो. पात्रांची नावं झाकतो. बोलणारा ओळखता येतो का? नव्वद टक्के वेळा येत नाही. सगळी पात्रं लेखकासारखीच बोलतात: तेवढीच चुरचुरीत, तेवढीच हजरजबाबी, सगळ्यांना पुणेरी पाटीसारखी उत्तरं सुचतात. प्रेक्षक पहिली दहा मिनिटं हसतो आणि मग मोबाइल काढतो.

‘नमक हलाल’मधलं (१९८२) अमिताभचं इंग्रजीवरचं लांबलचक बोलणं तुम्ही नक्की ऐकलं असेल. संवाद कादर खानांचेच. त्याची बांधणी मला अजून शिकण्यासारखी वाटते. गावाकडून आलेला माणूस नोकरीसाठी मुलाखत देतोय. आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला तो क्रिकेटच्या समालोचनात शिरतो, आणि दोन विजय, मर्चंट आणि हजारे, यांच्यात असा गुंतत जातो की श्वास घ्यायला जागा नाही. यात ‘विनोदी वाक्य’ असं शोधून काढता येत नाही. हशा पडतो तो त्याच्या आत्मविश्वासाला, आणि समोर बसलेल्यांच्या चेहऱ्याला. असं लिहिताना लेखकाला माहीत असावं लागतं की हे म्हणणारा नट किती लांब श्वास घेऊ शकतो. दुसऱ्याच्या फुप्फुसांचा अंदाज घेऊन लिहिलेलं आहे ते. ‘अग्निपथ’मधला (१९९०) विजय दीनानाथ चव्हाणही असाच. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव मांडवा: नोंदवहीतल्या रकान्यांसारखी माहिती, आणि तिचाच दरारा. संवाद त्यांचेच, नट दुसरा. हे अलिबागजवळचं मांडवा अख्ख्या देशाला ठाऊक झालं ते त्या एका ओळीमुळे.

देसाई आणि प्रकाश मेहरा हे अमिताभला घेऊन सिनेमे करणारे दोन वेगळे तंबू. कादर खान दोन्हीकडे लिहीत होते. ‘परवरिश’, ‘सुहाग’, ‘नसीब’ इकडचे, तर ‘मुकद्दर का सिकंदर’, ‘लावारिस’, ‘शराबी’ तिकडचे. फार थोड्यांना जमलं हे.

मग विनोदी नट कधी झाले? तर जवळजवळ दहा वर्षं पडद्यावर लोकांचा मार खाऊन झाल्यावर. १९७३ च्या ‘दाग’पासून त्यांची कामं दिसतात, आणि पुढे बराच काळ ते दुष्टच होते. ‘कुली’तला (१९८३) जफर आठवा. ही वाट बदलण्याची त्यांनी सांगितलेली गोष्ट घरगुती आहे. मुलगा शाळेतून मारामारी करून आला. पोरं चिडवतात की तुझा बाप सिनेमात वाईट असतो आणि शेवटी मार खातो. त्याच सुमारास ‘हिम्मतवाला’ आला, तेलुगूवरून केलेला, जितेंद्र आणि श्रीदेवीचा. त्यात त्यांनी अमजद खानच्या पदरी असलेल्या मुनीमाची भूमिका केली, आणि तिथून गाडी वळली. मद्रास-हैदराबादकडच्या निर्मात्यांनी मग रांग लावली. तेलुगू गोष्ट, हिंदी संवाद कादर खानांचे, आणि एक भूमिकाही त्यांचीच, असा सौदाच होऊन बसला.

मुनीम हा नीट बघण्यासारखा माणूस आहे. मालकापुढे वाकलेला, गरिबापुढे ताठ. एका वाक्यात दोन कणे. खलनायक म्हणून दहा वर्षं काढलेल्या नटाला हा विनोद आयता मिळाला, कारण तो मुनीम स्वतःला अजिबात विनोदी समजत नाही. तो मनापासून हलकट आहे. आपल्या एकांकिकांत विनोदी पात्र आत येतं तेच मुळी ‘मी विनोदी आहे’ असा चेहरा घेऊन, चालही वाकडी, आवाजही वाकडा. प्रेक्षकाला काम उरत नाही. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं होतं की विनोदी नटाने आधी दोन वर्षं गंभीर कामं करावीत, म्हणजे खोटं बोलायची सवय जाते. तो हे चहाच्या टपरीवर म्हणायचा, उधारी मागायच्या आधी. पण बोलायचा ते खरं.

१९९१ चा सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा फिल्मफेअर त्यांना ‘बाप नंबरी बेटा दस नंबरी’साठी मिळाला. संवादांसाठीही दोनदा मिळाला, ‘मेरी आवाज सुनो’ आणि ‘अंगार’. अभिनय आणि लेखन, दोन्हीकडे हे पारितोषिक घेणारी माणसं मोजकीच.

आणि मग गोविंदा. ‘कुली नं. १’ (१९९५) बघा. होशियारचंद नावाचा गावचा श्रीमंत माणूस. मुलीसाठी त्याला आपल्याहून श्रीमंतच जावई पाहिजे. ज्या मध्यस्थाचा त्याने अपमान केला तो हमालाला धनाढ्याचा पोशाख घालून पुढे उभा करतो. आता या रचनेत हशा कोण पिकवतो? वरवर पाहिलं तर गोविंदा. नाचतो तो, रंगीत कपडे त्याचे, टाळीची वाक्यं त्याची. पण फसवणुकीचा विनोद फसणाऱ्यावर उभा असतो. होशियारचंद वजनदार नसता, गर्विष्ठ नसता, त्याला मुळातच बावळट दाखवला असता, तर त्याला फसवण्यात मजा ती काय? कादर खान तिथे जवळजवळ काहीच ‘करत’ नाहीत. ऐकतात, विश्वास ठेवतात, हावरट डोळ्यांनी हिशेब करतात. ऐकणं हा विनोदी अभिनयाचा निम्मा भाग आहे, आणि लेखक चांगला ऐकतो, कारण समोरचं वाक्य कुठे जाणार आहे ते त्याला आधी कळतं. फक्त ते कळल्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. इथे आमच्यासारखे लेखक-नट हमखास आपटतात. समोरच्याच्या पंचच्या आधीच आमचे डोळे हसलेले असतात.

सगळं गोडच सांगतोय असं वाटू नये म्हणून हेही म्हणतो: ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या अनेक सिनेमांतला विनोद आज बघवत नाही. बायकांवरचे, लठ्ठ माणसांवरचे, तोतऱ्यांवरचे हलके विनोद, आणि द्वयर्थी बोलण्याचा रतीब. एकाच वेळी इतक्या सेटवर लिहायचं म्हटल्यावर हात जुन्याच खणात जातो. हा माणसाचा दोष कमी आणि वेगाचा जास्त, असं मला वाटतं. आठवड्याला दोन भाग लिहिणाऱ्या माणसाला हा खण ओळखीचा आहे. मीही त्यातून काढून दिलेलं आहे आणि मानधन घेतलेलं आहे.

मराठीत याच प्रश्नाचं वेगळं उत्तर सापडतं. दादा कोंडके आणि वसंत सबनीस. सबनिसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिलं, १९६५ मध्ये ते रंगमंचावर आलं, आणि दादांच्या हवालदाराने त्याचे दीड हजारांच्या वर प्रयोग खेचले. लोकनाट्याची संहिताच अशी असते की लेखक सांगाडा देतो आणि नट रोज रात्री त्यावर मांस चढवतो. गावात काय घडलं, सकाळी पेपरात काय आलं, समोर कोण बसलंय, त्यावर वाक्य बदलतं. मग त्या वाक्याचा लेखक कोण? कागदावर सबनीस. पण तीनशेव्या प्रयोगाला जो हशा पडतो, तो दादांनी आदल्या रात्री कुठेतरी शोधलेला असतो. १९७१ च्या ‘सोंगाड्या’लाही लेखन सबनिसांचं. पुढे दादांचे चित्रपट स्वतःच्या रस्त्याने गेले, आणि सबनीस-काळातला तो खोडकर पण रेखीव सूर हळूहळू कमी झाला, असं माझं मत आहे. दादांच्या चाहत्यांना ते पटणार नाही. पण नटाला वेसण घालणारा दुसरा लेखक समोर असणं किती उपयोगाचं, हे मला तिथे दिसतं. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर आल्या की ‘हे काप’ म्हणणारं कुणी उरत नाही.

आजच्या काळात हे चालतं का, तर टीव्हीवर चाललेलं आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघत असाल तर समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर हे दोघं तिथे काम करतात आणि लिहितातही. स्किट हा प्रकार लेखक-नटाला फार सोयीचा, कारण लिहिलेलं आठवड्याभरात लोकांसमोर करून बघता येतं. सिनेमात तीच चूक कळायला दोन वर्षं जातात. पण लक्ष देऊन पाहिलंत तर या दोघांच्याही स्किटमध्ये मोठा हशा अनेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतो, आणि हे स्वतः भांबावलेले, चिडलेले, अडकलेले असतात. कामाठीपुऱ्यातली जुनी युक्ती आहे ती.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिलं व्यावसायिक नाटक लिहिलं तेव्हा मी त्यात मोठी भूमिका ठेवली, स्वतःसाठी. सगळ्या टाळ्यांच्या जागा माझ्याकडे. वाचनाला सगळे हसले. तालमीत हळूहळू हसेनासे झाले. तिसऱ्या प्रयोगानंतर एका सहनटाने मेकअप उतरवता उतरवता शांतपणे विचारलं, "आम्ही नेमके कशाला आहोत इथे? तुझी वाक्यं संपेपर्यंत उभं राहायला?" मला राग आला. नाटक एकविसाव्या प्रयोगाला बंद पडलं. पुढे काही महिन्यांनी ते परत वाचलं तेव्हा दिसलं की दुसऱ्या कुठल्याही पात्राला स्वतःचं काही हवंच नव्हतं. ती सगळी मला वाक्यं पुरवण्यापुरती जिवंत होती. त्यानंतर मी एक नियम केला. पहिला खर्डा लिहिताना माझी भूमिका कोणती हे ठरवायचं नाही. दुसरा खर्डा झाल्यावर जी भूमिका कुणालाच नको असेल, ती माझी. दूधवाला असाच मिळाला, आणि खरं सांगतो, लोक अजून तो दूधवाला आठवतात.

म्हणून ‘एक काहीतरी धर’ या सल्ल्याला माझं उत्तर असं आहे, की धरू नका. पण दोन्हीसाठी वेगळे दिवस ठेवा. लिहिण्याच्या दिवशी तुम्ही नट नाही. तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या नटासाठी एक प्रवेश लिहा, त्याच्या अडखळण्यासकट, आणि त्याला हशा मिळवून द्या. हे जमलं तर तुम्ही लेखक आहात. आणि नट म्हणून एक वर्ष दुसऱ्यांनी लिहिलेलीच नाटकं करा, एक शब्दही न बदलता. राज्य नाट्य स्पर्धेला तुमच्याकडचे कितीतरी ग्रुप जातात, कुणाला तरी माणूस कमी असतोच.

पैशाचं आणि नावाचं थोडक्यात. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या आणि लिहिलेलं कुणालाही पाठवण्याआधी तिथे नोंदवा, ऑनलाइन होतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्याने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सहीनिशी सोडून देता येत नाही असं ठरलं. तरी करारात ‘सर्व हक्क’ असं लिहिलेला कागद समोर येतोच, आणि तो नेहमी शूटिंगच्या आदल्या रात्री येतो. वाचून सही करा. एका निर्मात्याने माझं नाव श्रेयनामावलीत ‘संवाद साहाय्य’ असं टाकलं होतं, साठ भाग माझे असताना. मी सेटवरही काम करत होतो, भांडलो तर भूमिका जाईल अशी भीती वाटली आणि गप्प बसलो. लेखक-नटाची ही खास कोंडी आहे. दोन्हीकडून मिळतं तसं दोन्हीकडून दाबलंही जातं. म्हणून लेखनाचा कागद वेगळा आणि अभिनयाचा वेगळा करून घ्या, मानधन एकत्र करू देऊ नका. ‘दोन्ही मिळून बघू आपण’ हे वाक्य ऐकलं की खुर्चीवरून उठा.

राहिली नोकरी. कादर खानांचे पहिले संवाद १९७२ चे, ‘रोटी’ १९७४ चा, आणि या मधल्या काळात ते साबू सिद्दिकमध्ये शिकवतच होते. सिनेमा मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. शेवटच्या वर्षांत आजाराने त्यांचं बोलणंच गेलं, मुलाकडे कॅनडात होते, तिथेच टोरांटोत ३१ डिसेंबर २०१८ ला गेले. पद्मश्री २०१९ मध्ये जाहीर झाली तेव्हा ते नव्हते.

तुमच्यासाठी माझं माप असं: पहिलं काम कुणीही देतो, कधी दयेने, कधी घाईने. ज्याने पैसे देऊन एकदा लिहून घेतलं, त्यानेच आपण होऊन पुन्हा बोलावलं, आणि असं दोन वेगवेगळ्या माणसांकडून झालं, की राजीनाम्याचा विचार करा. वर्षभराचा घरखर्च बँकेत असेल तर. तोपर्यंत साइटवर जा. तुमच्याकडे तर मुकादम आहे, गवंडी आहे, रेती कमी टाकून ब्रास (शंभर घनफुटांचं माप) पूर्ण म्हणणारा ट्रकवाला आहे, आणि दर मंगळवारी येऊन ‘देवघर जरा पूर्वेला सरकवा ना’ म्हणणाऱ्या मालकीणबाई आहेत. खिशात छोटी वही ठेवा. त्या बाई स्लॅब टाकून झाल्यावर काय म्हणाल्या, ते शब्द न बदलता लिहून घ्या, आणि मला पाठवा.